पाच पूर्णांक एक दशांश

रुवीच्या हाय स्ट्रीटवर, चपलांच्या दुकानाशेजारी,
शिहाबनं खोका काउंटरवर ठेवला.
वर छापलेलं : पाच हजार वॉट.
खरे किती? मी विचारलं.
तो हसला. म्हणाला, खरे चाळीस,
उरलेले खोक्याचे.

तेवीस रियाल पाचशे बैसा.
खोलीतून जमले होते बावीस.
वरचा दीड त्यानं सोडला, आणि मग विचारलं,
कॉम्प्युटरला मागं भोकं किती?
एकच. हिरवं.
तर ही डबीही घ्या, साडेतीन रियाल,
हिला काळं आणि नारिंगीही आहे.
नाहीतर पाची स्पीकर
एकच गोष्ट बोलत बसतील.

एकच गोष्ट बोलत बसणारे पाच
आमच्याकडे आधीच होते.
डबी घेतली. उधार, फ्रान्सिसच्या नावावर.

तसा दोन पॉइंट वन स्वस्त होता,
त्या पैशांत आवाजही साफ.
पण घाडी अडून बसला, हिशेब बघा :
आपण पाच,
आणि बशीर रात्री क्रशरवर जातो,
दिवसा नुसता घोरतो, खालच्या पट्टीत,
लादीतून यावं तसा.
तो पॉइंट वन.

लावण्यात अख्खा शुक्रवार गेला.
पुस्तिकेत चित्र होतं : सोफा, सोफ्यावर एक माणूस,
सगळे स्पीकर त्याच्यापासून सारख्या अंतरावर.
आमच्या मधोमध तांदळाचं पोतं आणि चपला.
माणसं कडेकडेनं, दुमजली खाटांवर,
म्हणजे जो तो एकेका स्पीकरच्या कुशीत.
मागच्या डाव्याची वायर दीड मीटर कमी पडली.
हणमंतानं साइटवरून आणलेला तुकडा जोडला,
खिळा ठोकला,
परकारच्या उशाशी टांगून दिला.

रात्री कळलं आपण काय आणलंय.
घाडीला मधला मिळालेला, त्याला सगळे संवाद.
फ्रान्सिसला व्हायोलिन.
मला मोटारी.
हणमंताला, त्याच्या म्हणण्यानुसार, निव्वळ टाळ्या.
आणि दिलावर परकारला वरच्या खाटेवर
पाचोळा, लांबचं कुत्रं,
दाराशी येऊन थांबलेलं कुणीतरी,
हेलिकॉप्टर.

"काय बोल्ला रे तो?" अंधारातून विचारायचा.
घाडी सांगायचा.
मग परकार,
"मागशी कोन तरी येतंय. त्याला खबर नाय."
नायकाच्या आधी आम्हांला कळायचं.

असे जोडून जोडून पाहिले पिक्चर,
दोन वर्षं,
भिंतीपलीकडच्या नेपाळ्यांना चालेल इतक्याच आवाजात.

मार्चमध्ये कंपनीनं अकरा नावं लावली.
परकारचं सातवं.
दुधाची पावडर, टॉर्च, सुनेसाठी अत्तर, ब्लँकेट.
काटा एकोणतीसवर थांबला.
"एक किलो हाय अजून," म्हणाला
आणि वर पाहिलं.
एकटा स्पीकर घेऊन करणार काय?
"गुहागरला लावीन. दारामागं."
त्यातून येणार काय पण?
"असूं दे."

वायर मीच कापली.

त्या खाटेवर आता वाईकडचा पोरगा आहे,
कानात बोंडं घालून झोपतो, आमच्यात नसतो.
शिहाब म्हणतो, सुटा मिळत नाही,
अख्खा सेट घ्या, आता उतरलाय, एकोणीस.
बघू, म्हणतो मी.
दर महिन्याला बघू म्हणतो.

हेलिकॉप्टर अजून येतं.
घाडीच्या छातीवरून उठतं,
फ्रान्सिसकडून वळतं,
हणमंताच्या डोक्यावरून मागं जातं,
आणि तिथे, डाव्या कोपऱ्यात,
कुठेच नसतं.
कुणी कूस बदलत नाही तेवढ्यात.
मग माझ्या कानाशी
पुन्हा सुरू होतं.